मूत्राशय वाचलं, मग अंडाशय का नाही?

“केमो सुरू होणार आहे. ओव्हरीवर परिणाम होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का?”

मी कशावर पीएचडी करते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. कधी मैत्रिणीच्या बहिणीसाठी, कधी कुणाच्या सुनेसाठी. प्रश्न अगदी रास्त आहे. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सरासरी दहाएक वर्षं आधीच्या वयात दिसतो. त्यामुळे लग्न व्हायचंय, मूल व्हायचंय अशा वयातल्या कितीतरी मुली केमोच्या खुर्चीत बसलेल्या असतात. जीव तर वाचायलाच हवा, पण त्यानंतरचं आयुष्यही हवं असतं. तेवढ्यात कुणीतरी एखादा शोधनिबंध पाठवतं: अमुक अँटिऑक्सिडंट दिलं आणि उंदरांचं अंडाशय वाचलं. मग वाटतं, एक कॅप्सूलच तर आहे, घेऊन टाकू.

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात मी देत नाही, कारण या प्रश्नामागे सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो बघितला की उंदरात चाललेली गोष्ट माणसाला सांगताना आम्ही संशोधक इतके अडखळतो कशासाठी, हे समजतं. म्हणून आज प्रयोगशाळेतल्या आकडेमोडीऐवजी थोडा इतिहास.

आधी साठ्याचं गणित

पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. बाईचं तसं नाही. मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण ६० ते ७० लाख स्त्रीबीजं असतात. जन्मापर्यंत त्यातली १० ते २० लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. पुढच्या सगळ्या वर्षांत प्रत्यक्ष पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात.

हा साठा पुन्हा भरत नाही, ही गोष्ट १९५१ साली सॉली झुकरमन यांनी तोवरचे सगळे पुरावे एकत्र मांडून ठासून सांगितली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टिली यांच्या गटाने उंदरांवरच्या कामातून तिला आव्हान दिलं आणि त्यावर बराच वाद झाला. पण रुग्णाच्या बाबतीत आजही आपण साठा मोजकाच आहे असं धरूनच चालतो.

साठ्यातलं प्रत्येक बीज एका छोट्या घरात झोपलेलं असतं. मधे बीज आणि भोवती ग्रॅन्युलोसा पेशींचा एक पातळ थर. या घराला फॉलिकल म्हणतात. दररोज त्यातली काही घरं जागी होतात आणि वाढायला लागतात. केमोचा घाव वाढत्या फॉलिकलवर पडला तर पाळी काही महिने थांबते आणि पुन्हा येते. झोपलेल्या साठ्यावर पडला तर झालेलं नुकसान कायमचं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्धातल्या वायूचं औषध झालं

जुलै १९१७. पहिलं महायुद्ध. बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड वायू वापरला. कातडीवर फोड, डोळ्यांची आग, फुप्फुसं निकामी. पण १९१९ साली एडवर्ड आणि हेलन क्रुंभार या दांपत्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. या वायूने बाधित झालेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमालीच्या घटलेल्या होत्या.

ही नोंद वीसेक वर्षं पडून राहिली. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघे रासायनिक युद्धाच्या गुप्त प्रकल्पावर काम करत होते. त्यांनी विचार केला, हे रसायन पांढऱ्या पेशी मारतं, तर त्याच पेशींचा कर्करोगही मारेल का? ऑगस्ट १९४२ मध्ये लिम्फोसार्कोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड टोचलं गेलं. गाठी विरघळल्या. काही आठवड्यांनी परत आल्या आणि तो रुग्ण वाचला नाही, पण रसायनाने कर्करोग हटवता येतो हे दिसलं. युद्धाच्या गुप्ततेमुळे हे छापून यायला १९४६ उजाडलं.

हे रसायन डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. मग पेशीला विभागता येत नाही आणि ती मरते. अडचण अशी की कुठली पेशी गाठीतली आणि कुठली आपली, हे त्याला कळत नाही. म्हणून जर्मनीत आस्टा कंपनीतल्या नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती काढली. मस्टर्डला रासायनिक कुलूप लावायचं आणि किल्ली फक्त गाठीत असेल असं बघायचं. गाठीत एक विशिष्ट एन्झाइम जास्त असतं अशी त्यांची समजूत होती. १९५८ साली या कल्पनेतून सायक्लोफॉस्फमाइड आलं आणि १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

गंमत बघा, किल्ली गाठीत नव्हतीच. ती निघाली यकृतात. औषध यकृतात उघडतं आणि तिथून रक्ताबरोबर सगळीकडे जातं. कल्पना चुकली, पण औषध उत्तम निघालं. आज साठहून अधिक वर्षांनंतरही स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, शिवाय ल्युपससारखे आजार, या सगळ्यांत ते वापरलं जातं.

पाळी थांबल्याच्या नोंदी

सुरुवातीच्या काळात रुग्ण जगणं हेच मोठं यश होतं. पाळी थांबली तर त्याकडे फार कुणाचं लक्ष जायचं नाही. लक्ष गेलं ते रुग्ण जास्त काळ जगायला लागल्यावर, आणि ज्यांना कर्करोग नव्हताच अशा बायकांना हे औषध द्यायला लागल्यावर. १९७१ मध्ये सायक्लोफॉस्फमाइडच्या दूरगामी दुष्परिणामांत अंडाशयाचा नाश झाल्याचं एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १९७३ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या आजारासाठी हे औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अंडाशय बंद पडल्याचं दाखवलं. १९७७ मध्ये जपानमधून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची तशीच नोंद आली. चित्र सगळीकडे सारखंच होतं. वय जितकं जास्त, तितक्या कमी औषधात पाळी थांबते. तिशीतलीपेक्षा विशीतली मुलगी जास्त औषध सहन करते. साठ्याचं गणित आठवा: जिच्याकडे जास्त शिल्लक, ती जास्त काळ तग धरते.

१९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून ल्युपसच्या रुग्णांचा अभ्यास आला. सायक्लोफॉस्फमाइडच्या सात मात्रा घेतलेल्या १६ जणींपैकी दोघींची पाळी कायमची थांबली. पंधरा किंवा त्याहून जास्त मात्रा घेतलेल्या २३ जणींपैकी नऊ जणींची. आकडे छोटे आहेत, पण एकूण मात्रा आणि वय या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

मूत्राशय कसं वाचलं

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येऊ. सायक्लोफॉस्फमाइड शरीरात उघडतं तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात. एक फॉस्फोरमाइड मस्टर्ड. कर्करोगाला मारतो तो हा. दुसरा ॲक्रोलिन, म्हणजे निव्वळ कचरा. तेल जास्त तापवलं की डोळ्यांत झोंबणारा जो धूर येतो, त्यातही ॲक्रोलिन असतं. हा कचरा लघवीतून बाहेर पडताना मूत्राशयाचं अस्तर जाळतो. रुग्णांना लघवीतून रक्त जायचं, इतकं की कधीकधी उपचार थांबवावे लागायचे.

यावर उपाय शोधला तो पुन्हा ब्रॉक यांच्याच गटाने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस. औषधाचं नाव मेस्ना. हा गंधकयुक्त रेणू ॲक्रोलिनला पकडतो आणि निष्प्रभ करतो. खरी करामत पुढे आहे. रक्तात मेस्नाचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि निष्क्रिय होतात, त्यामुळे गाठीवर चाललेल्या औषधाच्या कामात ते ढवळाढवळ करत नाहीत. मूत्रपिंडातून जाताना ते परत सुटे होतात आणि मूत्राशयात पोचून कामाला लागतात. संरक्षण हवं तिथेच, नको तिथे अजिबात नाही. आजही सायक्लोफॉस्फमाइडच्या मोठ्या मात्रेबरोबर मेस्ना देतात.

मग साहजिकच वाटतं, गंधकयुक्त रेणूने मूत्राशय वाचतं तर अंडाशय का नाही?

उत्तराचा मोठा भाग १९९१ सालच्या एका प्रयोगात आहे. डेव्हिड प्लाउचॉक आणि डोनाल्ड मॅटिसन यांनी उंदरांना हे दोन तुकडे वेगवेगळे देऊन पाहिले. अंडाशयातली फॉलिकल मारणारा तुकडा निघाला फॉस्फोरमाइड मस्टर्ड. ॲक्रोलिन नव्हे.

म्हणजे मूत्राशयाचा शत्रू औषधाचा कचरा होता आणि अंडाशयाचा शत्रू खुद्द औषध आहे. कचरा बाजूला काढता येतो, औषधाचं काम बिघडत नाही. पण जो तुकडा गाठ मारतो तोच बीज मारत असेल, तर त्याला अडवणारी कुठलीही गोळी आधी एका प्रश्नाचं उत्तर देऊन यायला हवी: तू गाठीलाही वाचवत नाहीस ना?

अँटिऑक्सिडंटचं आगमन

ही कल्पना मुळात आली किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की ऑक्सिजनचा अतिरेक आणि क्ष-किरण हे दोन्ही पेशींना एकाच मार्गाने इजा करतात, आणि तो मार्ग म्हणजे फ्री रॅडिकल. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचं कारणही हेच असावं असं सुचवलं. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी फ्री रॅडिकल निकामी करणारं शरीरातलं एक एन्झाइम शोधून काढलं. शरीराकडे स्वतःची अशी संरक्षण यंत्रणा आहे म्हटल्यावर ती बाहेरून बळकट करायची कल्पना सुचणं ओघानेच आलं. तेव्हापासून क आणि ई जीवनसत्त्वं, सेलेनियम, बीटा कॅरोटीन यांच्या बाटल्या दुकानांत आल्या त्या आजतागायत.

अंडाशयाच्या बाबतीत हा धागा जोडणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या उल्रिके लुडेरर यांचं नाव महत्त्वाचं आहे. पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचा एक गंधकयुक्त रेणू असतो, पेशीचा घरगुती अँटिऑक्सिडंट म्हणा ना. २००४ आणि २००७ मधल्या त्यांच्या गटाच्या कामात दिसलं की सायक्लोफॉस्फमाइडमुळे हा साठा घटतो, आणि तो घटलेला असला की ग्रॅन्युलोसा पेशी जास्त मरतात. म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण हा नुकसानीचा एक खरा भाग आहे. कुणी हवेत गोळीबार करत नव्हतं.

त्यानंतर प्रयोगांचा पूर आला. मेलाटोनिन, एन-असिटिलसिस्टीन, कोएन्झाइम क्यू-१०, रेझव्हेराट्रॉल, करक्युमिन, ई जीवनसत्त्व. आराखडा बहुधा एकच. उंदरांच्या माद्यांचे काही गट करायचे. एकाला काहीच नाही, एकाला फक्त केमो, एकाला केमो आणि अँटिऑक्सिडंट. काही दिवसांनी अंडाशय काढून फॉलिकल मोजायचे. तिसऱ्या गटात दुसऱ्यापेक्षा जास्त फॉलिकल सापडतात. शोधनिबंध तयार.

या प्रयोगांना मी नावं ठेवत नाही, माझं रोजचं काम याच प्रकारातलं आहे. पण वाचताना दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, उंदराला गाठ होती का? बहुतेक वेळा नसते. निरोगी उंदराला केमो दिलेलं असतं. त्यामुळे अंडाशय वाचलं एवढंच कळतं, गाठ मेली की नाही हा प्रश्नच येत नाही. दुसरी, मोजलं काय? रक्तातलं एएमएच हे संप्रेरक वाढत्या फॉलिकलमधून येतं, झोपलेल्या साठ्यातून थेट नाही. एएमएच सुधारलं म्हणजे साठा वाचला असं सरसकट म्हणता येत नाही.

शिवाय बीज नेमकं कशाने मरतं यावरही एकमत नाही. एक मत असं की डीएनए तुटला की बीजातलं टीएपी-६३ नावाचं प्रथिन जागं होतं आणि बीजाला मरायला लावतं. २०१३ मध्ये इस्राएलच्या ड्रोर मेइरो यांच्या गटाने वेगळंच मांडलं. त्यांच्या मते सायक्लोफॉस्फमाइडमुळे झोपलेली फॉलिकल एकदम जागी होतात, वाढायला लागतात आणि साठा जळून संपतो. ही दोन्ही मतं थोडीफार जरी खरी असली, तरी ऑक्सिडेटिव्ह ताण हा आगीचा धूर ठरतो. धूर कमी करणं वाईट नाही, पण त्याने आग विझत नाही.

हृदयाने शिकवलेला धडा

हीच कथा आधी एकदा घडून गेली आहे, हृदयाच्या बाबतीत. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं केमो औषध स्तनाच्या कर्करोगात सायक्लोफॉस्फमाइडच्या जोडीने देतात. त्याने हृदयाचे स्नायू खराब होऊ शकतात. १९७७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मायर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे नुकसान फ्री रॅडिकलमुळे होतं आणि उंदराला आधी ई जीवनसत्त्व दिलं तर ते कमी होतं. विशेष म्हणजे त्यांनी कर्करोग झालेल्या उंदरांवरही पाहिलं. औषधाचा असर कमी झाला नव्हता. याहून चांगला पुरावा उंदराकडून मिळणं अवघड.

मग माणसांवर करून पाहिलं. १९८२ मध्ये निष्कर्ष आला: ई जीवनसत्त्व देऊनही रुग्णांचं हृदय वाचलं नाही. १९८३ मध्ये एन-असिटिलसिस्टीनची चाचणी झाली. तिचाही उपयोग झाला नाही.

शेवटी हृदयासाठी जे चाललं ते डेक्सराझोक्सेन. लंडनमध्ये कर्करोगावरचं औषध म्हणून बनवलेला हा रेणू १९८८ मधल्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं हृदय वाचवताना दिसला आणि १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तो लोह पकडून फ्री रॅडिकल रोखतो, असं बरीच वर्षं सगळे सांगत. २०१२ मधल्या कामाने चित्र बदललं. डॉक्सोरुबिसिन हृदयातल्या टोपोआयसोमरेज-टू-बीटा या एन्झाइमच्या मार्फत इजा करतं असं दिसलं, आणि डेक्सराझोक्सेनचा फायदाही मुख्यतः त्याच वाटेने होत असावा असं आता बरेच जण मानतात. जे औषध अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजलं गेलं, ते कदाचित त्या कारणाने चालतच नव्हतं.

“निदान अपाय तर नाही ना?”

हा पुढचा प्रश्न. फायदा नसेल तर नसो, नुकसान काय होणार आहे? याचं उत्तर कर्करोगाच्या इतिहासातल्या मोठ्या चाचण्यांनी दिलं आहे.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसतीच गोळी दिली गेली. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी वाढलेला होता. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. नंतर ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गटात प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, हे २०११ मध्ये जाहीर झालं.

यात केमो घेणारं कुणी नव्हतं, हे खरं. म्हणून २०१४ सालचं स्वीडनमधलं काम बघू. योटेबोरीच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना एन-असिटिलसिस्टीन आणि ई जीवनसत्त्व दिलं. गाठी जास्त वेगाने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. कारण सरळ आहे. ऑक्सिडेटिव्ह ताण गाठीच्या पेशीलाही सोसावा लागतो. आपण तो कमी केला की तिचंही ओझं हलकं होतं.

आणि थेट आपल्या औषधांबद्दलचं काम २०२० मधलं. सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्णांना त्या काय काय पूरक गोळ्या घेतात ते अमेरिकेत विचारलं गेलं. केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला. मात्र हा आकडा संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीला किंचित कमी पडतो. धोका प्रत्यक्षात जवळपास सारखाही असू शकतो किंवा दुपटीपर्यंतही जाऊ शकतो. शिवाय गोळ्या कुणी घ्यायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. म्हणून “सिद्ध झालं” असं मी लिहिणार नाही. पण “निरुपद्रवी” हा शब्दही आता वापरता येत नाही.

आपल्या घरात हळदीचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही, म्हणून तोही सांगते. २००२ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या संशोधकांनी मानवी स्तनाच्या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांच्या खाद्यात करक्युमिन मिसळलं. सायक्लोफॉस्फमाइडने गाठ जेवढी आक्रसायला हवी होती तेवढी आक्रसली नाही. घाबरून फोडणीतली चिमूटभर हळद बंद करू नका, प्रश्न त्या चिमटीचा नाही. प्रश्न आहे तो अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरलेल्या, रोज दोन वेळा घ्यायच्या डोसचा.

मग अंडाशय खरंच कशाने वाचलं?

इतिहासात बायकांची अंडाशयं सगळ्यात मोठ्या प्रमाणावर वाचली ती औषध बदलल्यामुळे आणि मात्रा कमी केल्यामुळे. हॉजकिन लिम्फोमासाठी १९६०च्या दशकात आलेल्या चार औषधांच्या मॉप या उपचारात पहिलंच औषध नायट्रोजन मस्टर्ड होतं. रुग्ण बरे व्हायचे, पण अंडाशयाची वाट लागायची. १९७५ मध्ये मिलानच्या जानी बोनादोना यांनी एबीव्हीडी हा दुसरा संच आणला. त्यात मस्टर्ड नव्हतं. पुढे तोच रूढ झाला आणि कितीतरी तरुण मुलींची पाळी शाबूत राहिली. ल्युपसमध्ये २००२ साली युरोपातल्या डॉक्टरांनी दाखवलं की पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम अशा फक्त सहा मात्रा, म्हणजे एकूण तीन ग्रॅम, अनेक रुग्णांना पुरतात.

दुसरा मार्ग म्हणजे साठा हल्ल्याआधीच बाजूला काढून ठेवणं. स्त्रीबीजं किंवा भ्रूण गोठवता येतात. अंडाशयाचा तुकडाही गोठवता येतो. ब्रसेल्समध्ये जाक डोनेझ यांनी हॉजकिन झालेल्या एका तरुणीच्या अंडाशयाचा तुकडा केमोआधी, १९९७ मध्ये काढून ठेवला, बरी झाल्यावर परत बसवला, आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली.

तिसरा मार्ग इंजेक्शनचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हार्मोनला प्रतिसाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोबरोबर गोसेरेलिन दिलं. दोन वर्षांनी अंडाशय बंद पडण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, न घेतलेल्यांत २२ टक्के. ते नक्की कसं काम करतं यावर अजून वाद आहे. पण ते माणसांवर, चिठ्ठ्या टाकून, कर्करोगाचं काय झालं हेही बघत तपासलेलं आहे. अँटिऑक्सिडंटच्या कुठल्याही कॅप्सूलकडे अंडाशयासाठी असा पुरावा आज नाही.

तर मग उत्तर काय?

केमो चालू असताना अंडाशय वाचवायला म्हणून स्वतःच्या मनाने अँटिऑक्सिडंट सुरू करू नका. आधीपासून काही घेत असाल तर डॉक्टरांना नावासकट सांगा, अगदी “ते आयुर्वेदिक आहे हो” किंवा “साधं व्हिटॅमिन आहे” असं वाटत असलं तरी. रक्तात कमतरता दिसली म्हणून डॉक्टरांनीच काही दिलं असेल तर ती गोष्ट निराळी. ल्युपसच्या रुग्णांत गाठ नसते, त्यामुळे गाठ वाचण्याची भीती तिथे नाही. पण तिथेही हे औषध रोगप्रतिकारक पेशींना मारूनच काम करतं. त्या पेशी वाचल्या तर उपचार लंगडा पडू शकतो. म्हणून विचारायचं तिथेही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न बदला. “कुठली गोळी घेऊ?” याऐवजी पहिल्या मात्रेच्या आधी विचारा: “माझ्या उपचारात अंडाशयाला धोका किती? बीजं गोठवायला वेळ आहे का? इंजेक्शनचा उपयोग होईल का?” बीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि ते दोन आठवडे केमो सुरू झाल्यावर परत मिळत नाहीत. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, हे सगळं मान्य. तरी विचारा. लाजायचं काहीच कारण नाही.

आम्हा संशोधकांसाठी या इतिहासाचा निरोप वेगळा आहे. अंडाशयाचा मेस्ना अजून सापडलेला नाही. तो सापडायचा असेल तर निरोगी उंदरांत आणखी एक अँटिऑक्सिडंट तपासून भागणार नाही. गाठ असलेल्या प्राण्यात एकाच वेळी दोन्ही मोजावं लागेल: गाठ किती मेली आणि झोपलेली फॉलिकल किती उरली. आणि असा रेणू हवा जो अंडाशयातच जागा होईल, बाकी सगळीकडे झोपून राहील. ब्रॉक यांना मूत्राशयासाठी लघवीची वाट आयती मिळाली होती. अंडाशयाला तशी खास वाट नाही, तिथे रक्तातूनच जावं लागतं आणि तेच रक्त गाठीतही जातं. हा पेच कसा सोडवायचा यावर सध्या काय काय प्रयत्न चाललेत, त्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन.